अंतराळ स्थानकाचे ‘खोटे’ व्हिडिओ: दोऱ्या, बुडबुडे आणि हिरवा पडदा

सांडगेमिरची (धागाकर्ता)

व्हॉट्सॲपवर पुन्हा तीच क्लिप फिरतेय. लाल गोल, लाल बाण, भुताच्या मालिकेतलं संगीत आणि खाली ‘नासाची चोरी पकडली’. आरोप ठरलेले आहेत. अंतराळवीर दोऱ्यांना टांगलेत. मागे हिरवा पडदा आहे, ज्याच्या जागी नंतर संगणकाने दुसरं चित्र भरतात. स्पेसवॉक तलावात शूट होतो, कारण बुडबुडे दिसतात. आकाशात तारे नाहीत. आणि काही भलतंच दिसायला लागलं की थेट प्रक्षेपण बंद पडतं.

गंमत म्हणजे हे पाचही आरोप एकाच क्लिपमध्ये सुखाने नांदतात. दोऱ्याही, पडदाही, तलावही. एका लग्नाला तीन मांडव.

धाग्याचा नियम एकच. ‘असं होऊच शकत नाही’ हे वाक्य दोन्ही बाजूंना बंद. आरोप खरा असता तर चित्रात काय दिसायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय दिसतं, एवढंच लिहा. आकडे असतील तर दुधात साखर.

शंकासुर

भवानी मीच करतो. २८ जून २०२५ ला पंतप्रधान शुभांशु शुक्लांशी बोलले. शुक्ला अख्खा वेळ पासपोर्टच्या फोटोला उभं राहिल्यासारखे स्थिर. तरंगणं कुठे गेलं? दोरी सैल करायला विसरले वाटतं.

पायमोजे

त्याच संभाषणात त्यांनी स्वतः सांगितलंय की पाय बांधून ठेवलेत, नाहीतर वर जाईन. क्लिप कापणाऱ्याची कात्री नेमकी तिथेच चालली असणार.

स्थानकात भिंतींवर जागोजागी दांड्या आणि पट्टे असतात. हात मोकळे हवे असले की पायाची बोटं त्यांत अडकवायची. नाही अडकवली तर माईक घ्यायला हात पुढे नेला तरी धड उलट दिशेला वळतं, आणि दोन मिनिटांत माणूस चौकटीबाहेर.

आता फरक कसा ओळखायचा ते. पाय अडकवलेल्या माणसाचं मूळ पायाशी असतं. कंबरेपासून वरचा भाग पाण्यातल्या शेवाळासारखा हळू डुलतो. दोरीला टांगलेल्याचं मूळ कंबरेशी असतं, तिथेच पट्टा असतो. त्याची कंबर स्थिर आणि पाय लोंबतात. कुठलीही लांब मुलाखत काढा, आवाज बंद करा आणि फक्त कंबरेकडे पाहा.

घरचा_अभ्यास

मुळात तिथे गुरुत्वाकर्षणच नाही, तर दोऱ्या लागतीलच कशाला?

गणितमास्तर

हे वाक्य लिहून शंकासुरांच्या हाती आयतं कोलीत देऊ नका. ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला ८.७ मीटर प्रतिसेकंद आहे, जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के. स्थानक सतत पडतंय. एका सेकंदात साधारण ४.३ मीटर खाली पडतं, पण तेवढ्यात ७.६६ किलोमीटर पुढेही गेलेलं असतं, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीची गोलाईही तितकीच खाली वळते. आतला माणूस, त्याचा चमचा आणि भिंत तिघं एकत्र पडतात, म्हणून कोणी कोणावर टेकत नाही.

असं एकत्र पडणं पृथ्वीवरही जमतं, फक्त वेळ कमी मिळतो. फ्रान्समधलं एअरबस ए३१० विमान जवळजवळ ५० अंशांत नाक वर करून झेप घेतं, मग २२ सेकंद वजनरहित अवस्था मिळते. आधी आणि नंतर वीसेक सेकंद वजन १.८ पट होतं. ‘अपोलो १३’ या १९९५ च्या चित्रपटातली तरंगण्याची दृश्यं नासाच्या केसी-१३५ विमानात अशाच पंचवीस सेकंदांच्या आतल्या तुकड्यांत चित्रित झाली. म्हणजे विमानाचा आरोप तपासायला घड्याळ पुरतं: काट नसलेला तुकडा किती लांब आहे? सुनीता विल्यम्सनी नोव्हेंबर २०१२ मध्ये स्थानक फिरून दाखवलं, तो व्हिडिओ २५ मिनिटांचा आहे आणि त्यात कित्येक मिनिटांचे सलग तुकडे आहेत. सलग तुकड्यात मध्येच कोणी दुप्पट वजनाने जमिनीवर आपटत नाही.

दोऱ्यांसाठी दारं बघा. अमेरिकी भागातल्या दालनांमधली दारं १२७ सेंटिमीटरची चौकोनी, रशियन भागातली त्याहून अरुंद, गोल, ८० सेंटिमीटर व्यासाची. त्याच व्हिडिओत बाई एका दालनातून दुसऱ्यात, तिथून वळून तिसऱ्यात शिरतात, आणि कॅमेरा मागोमाग. छताला बांधलेली दोरी दाराच्या वरच्या चौकटीला अडते. पुढे माणूस स्वतःभोवती दोन गिरक्या घेतो तेव्हा तिला पीळ पडतो. दोरीला साप समजणारे वेदान्तात वाचले होते; इथे दोरीचाच पत्ता नाही.

शंकासुर

मान्य, पण संगणकाने दोऱ्या पुसता येतात. आणि केसांना हेअरस्प्रे.

पायमोजे

स्प्रेने ताठ केलेले केस डोकं वळलं की हेल्मेटसारखे एकगठ्ठा वळतात. स्थानकातले केस मागे रेंगाळतात, डोकं थांबल्यावर पुढे येतात, मग परत. लाट मुळापासून टोकाकडे जाते. २०१३ मध्ये स्थानकातल्या अंतराळवीर कॅरन नायबर्गने केस धुवून दाखवले त्यात ओल्या बटांमधून पाण्याचे थेंब सुटून उडतात आणि ती हाताने पकडते. स्प्रे धुऊन गेल्यावर काय उभं ठेवतंय ते सांगा.

चौकडीशर्ट

केसांवर वेळ घालवू नका, पाण्यावर या. हिरव्या पडद्याचा कर्दनकाळ पाणी आहे.

तरंगणारा पाण्याचा गोळा हा भिंग असतो. मागचं सगळं त्यात उलटं दिसतं: माणसाचा चेहरा खाली डोकं वर हनुवटी, शेजारचा दिवा, दाराची चौकट. शिवाय गोळ्याच्या पुढच्या पृष्ठावर कॅमेऱ्याच्या बाजूचं बारीक सुलटं प्रतिबिंब. आता मागे हिरवा पडदा असता तर? गोळ्यातही हिरवा रंग उलटा होऊन आला असता, कडेला ताणलेला, मध्ये दाट. तो काढायचा तर गोळ्यातला हिरवा बाजूला करून तिथे खोट्या दालनाचं उलटं, वाकडं, गोळा थरथरेल तसं थरथरणारं चित्र फ्रेमगणिक भरायचं. हे संगणकावर करता येतं. पण मग पडदा हवाच कशाला, सगळंच संगणकात करा. आरोप करणाऱ्याने आधी एक बाजू ठरवावी.

आणखी एक जवळून बघण्यासारखी क्लिप. २०१३ मध्ये कॅनडाच्या दोन शाळकरी विद्यार्थ्यांनी सुचवलेला प्रयोग स्थानकात अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्डने केला: ओलं फडकं पिळायचं. पाणी खाली पडत नाही. फडक्याभोवती नळीसारखा जाड थर जमतो, मग तो सरकून दोन्ही हातांवर चढतो आणि कोरफडीच्या गरासारखा चिकटून राहतो. माईक बाजूलाच तरंगतोय. पृष्ठताण आपल्याकडेही असतोच, पण इथे गुरुत्वाकर्षण तो हरवतं. थेंब चार-पाच मिलिमीटरचा झाला की नळाच्या तोंडावरून सुटतो. मुठीएवढं पाणी हातावर थर धरून बसलंय, यासाठी दोरी कुठे बांधायची?

शंकासुर

मग हात पारदर्शक होतो, डबा अर्धा गायब होतो, त्या क्लिपांचं काय? तो पडद्याचा घोळ नाही तर दुसरं काय?

चौकडीशर्ट

व्हिडिओ दाबण्याचा (कॉम्प्रेशनचा) घोळ. प्रत्येक फ्रेम पूर्ण पाठवत नाहीत. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, आणि मधल्या फ्रेमांमध्ये फक्त ‘हा चौकोन इकडे सरकला, त्यात एवढा फरक’ असा हिशेब. हे चौकोन बहुधा १६ गुणिले १६ पिक्सेलचे. वाटेत डेटाची काही पाकिटं हरवली की चौकोन जुन्या जागेवर अडकतो, किंवा मागच्या भिंतीचा तुकडा हातावर राहतो. हात ‘पारदर्शक’ होतो तो असा.

दोन्हींतला फरक पाच मिनिटांत कळतो.

आधी मूळ अपलोड मिळवा. चार वेळा फॉरवर्ड झालेली फाइल चार वेळा दाबलेली असते, तिच्यावर बोलण्यात अर्थ नाही. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून ‘ई’ची कळ दाबत एकेक फ्रेम पुढे जा. बिघाडाची कड बघा. दाबण्याचा घोळ असेल तर कड पायऱ्यापायऱ्यांची, आडव्या-उभ्या रेषांत, चौकटी कागदावर बसेल अशी. पडद्याचा घोळ वस्तूच्या आकाराने जातो: बोटांच्या कडेला हिरवट झाक, केसांच्या फटीत भगदाड, चकचकीत चमच्यात हिरवा डाग. मग बिघाड संपतो कसा ते बघा. दाबण्याचा घोळ पुढची पूर्ण फ्रेम आली की अख्ख्या चित्रात एका झटक्यात साफ होतो. पडद्याचा घोळ वस्तू हलेल तसा हलतो, प्रकाश बदलेपर्यंत जात नाही.

गल्लीतल्या केबलवर पावसात चित्राचे चौकोन फुटतात तेव्हा निवेदिका हिरव्या पडद्यावर आहे असं कोणी म्हणत नाही.

पाणकोंबडा

तलावाचं माझ्याकडे द्या. नासाला पाण्यात पाहणारे इतके जमलेत, तर पाण्याबद्दल नीट बोलू.

तलाव आहे, आणि तो कधीच लपवलेला नव्हता. ह्यूस्टनमधला, ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद, १२ मीटर खोल, सुमारे २ कोटी ३५ लाख लिटर पाणी. आत स्थानकाच्या भागांच्या पूर्ण मापाच्या प्रतिकृती बुडवलेल्या. सराव इथेच होतो. त्यामुळे प्रश्न ‘तलाव आहे का’ हा नाही, ‘ही क्लिप तलावातली आहे का’ हा आहे, आणि तो प्रत्येक क्लिपला विचारावा.

तलावातला सूट स्वतःची हवा वाहून नेत नाही. वरून नळी येते, तिच्यातून ४६ टक्के ऑक्सिजनचं नायट्रॉक्स (ऑक्सिजन-नायट्रोजनचं मिश्रण). वापरलेला वायू पाण्यात सुटतो, म्हणजे बुडबुडे एखाददुसरे नव्हेत, सतत घळाघळा. सूटला ठिकठिकाणी वजनं लावून तो तरंगणारही नाही आणि बुडणारही नाही असा साधतात. आजूबाजूला पाणबुडे असतात. ही नळी, हे पाणबुडे आणि लांबच्या वस्तूंवरची निळसर धूसर झाक, या तीन खुणा दिसल्या तर ती तलावातली क्लिप.

आता तो बदनाम ‘बुडबुडा’. पाण्यातला बुडबुडा एकाच दिशेला जातो: वर. डुलत जातो आणि वर जाता जाता फुगतो, कारण १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तिथला बुडबुडा वर येईतो आकारमानाने दुप्पट होतो. स्पेसवॉकच्या व्हिडिओत दिसणारे कण बर्फाचे, रंगाच्या खपल्यांचे किंवा आवरणाच्या चिंध्यांचे असतात. बर्फ येतो तो सूटमधूनही. अमेरिकी सूट पाण्याची वाफ अवकाशात सोडून थंड होतो. हे कण सरळ रेषेत, एकाच वेगाने, वाटेल त्या दिशेला जातात. कोणी वर, कोणी खाली, कोणी कॅमेऱ्याच्या अंगावर.

तपासायचं असेल तर स्क्रीनवर बटर पेपर चिकटवा. क्लिप पाच-पाच फ्रेमांनी पुढे न्या आणि कणाच्या जागी ठिपका द्या. आठ-दहा ठिपके झाले की पट्टी लावा. ठिपके एका रेषेत आणि अंतरं सारखी आली तर तिथे पाणी नाही. पाण्यात एवढा हलका कण वेग टिकवूच शकत नाही. कॅमेरा हेल्मेटवर असेल तर मात्र आधी मागच्या दांडीचाही एक ठिपका घ्या आणि तो वजा करा. नाहीतर माणसाने मान वळवली की सगळेच कण ‘वळलेले’ दिसतात. लाल बाणवाले नेमके इथेच घसरतात.

शेवटची खूण उजेडाची. स्थानक सुमारे ९२ मिनिटांत एक फेरी मारतं. साडेसहा तासांच्या स्पेसवॉकच्या थेट चित्रात दर पाऊण तासाला दिवसाची रात्र आणि रात्रीचा दिवस होतो, आणि दिवसा सावल्या मिनिटामिनिटाला सरकत जातात. क्लिप बारा सेकंदांची कापली की हे दिसत नाही, म्हणून ती बाराच सेकंदांची असते.

शंकासुर

बरं झालं तलाव काढलात. २०१३ मध्ये एका अंतराळवीराच्या हेल्मेटमध्ये पाणी शिरलं होतं. अवकाशात पाणी कुठून आलं? हात दाखवून अवलक्षण!

पाणकोंबडा

याचीच वाट बघत होतो. १६ जुलै २०१३, लुका पार्मितानो. सूटमध्ये पाणी मुळातच असतं: अंगावर बारीक नळ्यांचं अंतर्वस्त्र, त्यात फिरणारं गार पाणी. पाठीवरच्या पेटीत पंखा, पंप आणि हवेतलं पाणी वेगळं करणारं यंत्र, तिन्ही एकाच मोटरवर. त्या वेगळं करणाऱ्या भागाची बारीक छिद्रं गाळाने बुजली. पाणी पुढे न जाता हवेच्या मार्गात शिरलं आणि हवेबरोबर डोक्यामागून हेल्मेटमध्ये आलं. लिटर-दीड लिटर. स्पेसवॉक दीड तासातच थांबवला.

आता तलावाच्या बाजूने विचार करा. पाण्याखाली उभ्या माणसाच्या सूटमध्ये पाणी शिरलं तर ते जाईल कुठे? पायात. बुटात साचेल, गुडघ्यापर्यंत चढेल, डोकं सगळ्यात शेवटी. पार्मितानोच्या बाबतीत उलटं झालं. पाणी डोक्याच्या मागे गोळा झालं, कानांवर आलं, कपाळावरून डोळ्यांवर, मग नाकावर. तो मान हलवून ते झटकू शकत नव्हता, कारण झटकलेलं पाणी खाली जायला ‘खाली’ नव्हतंच. ते चामडीला चिकटून पसरत होतं. त्यातच सूर्य मावळला. दिसेना, तेव्हा कमरेच्या सुरक्षा-दोरीची ओढ जाणवते त्या दिशेने तो हवाबंद कक्षाकडे परतला. पाणी कसं वागलं तेच या घटनेत महत्त्वाचं आहे, आणि तुम्ही फक्त पाणी होतं एवढंच वाचलंत.

(आणि हो, एक खरी दोरी सापडली. तुमच्या खाती जमा.)

ओव्हरएक्स्पोज

ताऱ्यांचं थोडक्यात, कारण यावर लोकांनी अकलेचे तारे पुरेसे तोडलेत. उन्हातल्या ढगांचा फोटो: आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १००, एफ/८, सेकंदाचा चारशेवा भाग. ताऱ्यांचा फोटो: आयएसओ ३२००, एफ/२, दोन सेकंद. उघडझाप ८०० पट, आयएसओ ३२ पट, भिंगाचं तोंड १६ पट. गुणाकार ४ लाखांच्या वर. एकाच फ्रेममध्ये दोन्ही मावत नाहीत. वानखेडेवरच्या दिवस-रात्र सामन्यात झेल उंच गेला तरी मागे तारे दिसत नाहीत, ते याचमुळे.

स्थानकातून ताऱ्यांचे फोटो भरपूर निघतात, फक्त रात्रीच्या भागात आणि दालनातले दिवे मालवून. तिथे अडचण वेगळी: स्थानक मिनिटाला जवळजवळ ४ अंश वळतं आणि खालची शहरं सेकंदाला ७ किलोमीटर सरकतात. तारे धरले तर शहरं फासटतात, शहरं धरली तर तारे. अंतराळवीर डॉन पेटिटने २००२-०३ च्या मुक्कामात तिथल्याच सुट्या भागांतून स्क्रू फिरवून कॅमेरा हळू वळवायचं यंत्र जुळवलं ते शहरांचे दिवे स्पष्ट यावेत म्हणून.

आणखी एक: क्षितिजाची वक्रता. ४०० किलोमीटरवरून क्षितिज साधारण २,३०० किलोमीटर लांब असतं आणि पृथ्वीचा फक्त ३ टक्के पृष्ठभाग एका वेळी दिसतो. म्हणून अख्खा गोळा दिसत नाही. भिंगामुळे वाढलेली वक्रता ओळखायला चौकटीच्या कडेची एखादी सरळ दांडी बघा. तीही वाकलेली असेल तर वक्रतेत भिंगाचा हात आहे, आणि ते मान्य करावं.

शंकासुर

आणि प्रक्षेपण मध्येच बंद पडतं ते? नेमकं उडती तबकडी दिसली की?

तरंगलांबी

आधी उलटं मोजा: काहीच दिसत नसताना किती वेळा बंद पडतं? कोणी मोजत नाही, म्हणून ‘नेमकं’ वाटतं.

स्थानकाचं चित्र थेट खाली येत नाही. आधी वर जातं, ३६ हजार किलोमीटरवरच्या रिले उपग्रहाकडे, तिथून न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स किंवा गुआमच्या जमिनीवरच्या केंद्राकडे. एक उपग्रह क्षितिजाखाली जातो, दुसरा पकडायचा असतो. मध्ये स्थानकाचेच सौर पंखे अँटेनासमोर येतात. प्रत्येक वेळी चित्र तुटतं. या खंडांचं वेळापत्रक आधी ठरलेलं असतं. फेरीच्या भूमितीवरूनच निघतं ते.

२०१४ पासून पृथ्वीचं सतत चित्र देणारे चार बाजारी कॅमेरे बाहेर बसवले होते, ते जुलै २०१९ मध्ये बंद पडले. त्यांच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं असे: पडदा करडा म्हणजे संपर्क नाही, काळा म्हणजे रात्र. प्रयोगाचा एक हेतूच किरणोत्साराने कॅमेऱ्यांचं काय होतं ते पाहण्याचा होता. काळ्या चित्रात न हलणारे पांढरे ठिपके दिसतात ते बिघडलेले पिक्सेल. क्लिपवाले त्यांनाच ‘ताफा’ म्हणतात. ठिपका कॅमेऱ्याबरोबर जाग्यावर राहिला की तो पिक्सेल.

सांडगेमिरची

मध्येच आपल्या बाजूचेही कान उपटतो. स्थानक खरं आहे हे पटवायला जे व्हिडिओ पाठवले जातात त्यांतले बरेच संगणकावर बनवलेले असतात. कमानदार सूर्योदय, कानठळ्या बसवणारा आवाज, शेजारून सुळकन जाणारा उपग्रह. अवकाशात १०० किलोमीटरवरून गेलेला तीन मीटरचा उपग्रह साध्या भिंगात एका पिक्सेलएवढाही भरत नाही. आणि तलावातल्या सरावाचा फोटो ‘स्पेसवॉक’ म्हणून छापणारी बातमीदारी वेगळीच. शंकासुरांना रसद आपणच पुरवतो. पुढे पाठवण्याआधी पाणकोंबडांच्या तीन खुणा बघत जा.

शंकासुर

हे सगळं शेवटी त्यांच्याच व्हिडिओंवर. नासाचा कॅमेरा, नासाचा उपग्रह, नासाचं पान. त्यांच्याकडून काहीही न घेता सिद्ध करा.

ओव्हरएक्स्पोज

रास्त मागणी. स्थानक नुसत्या डोळ्यांनी दिसतं, उत्तम फेरीत शुक्राच्या तोडीचं तेजस्वी, न लुकलुकता, पाच-सहा मिनिटांत आकाश पार. सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी दीड-दोन तासांत, कारण आपण अंधारात आणि ते उन्हात असायला हवं. मध्येच विझतं ते पृथ्वीच्या सावलीत शिरतं म्हणून. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर नाद सोडा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं.

आकार पाहायचा तर: १०९ मीटरची वस्तू ४२० किलोमीटरवरून सुमारे ५३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) भरते, गुरूच्या बिंबाएवढी किंवा किंचित मोठी. ८ इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि २.९ मायक्रॉन पिक्सेलचा ग्रहांचा कॅमेरा घेतला तर चित्र शंभरएक पिक्सेलचं होतं. सौर पंखे वेगळे दिसतात.

बिघडतं ते तीन ठिकाणी. फोकस: आधीच गुरूवर किंवा तेजस्वी ताऱ्यावर नक्की करून स्क्रू घट्ट करा, फेरी सुरू झाल्यावर हात लावू नका. वेळ: डोक्यावर असताना ते सेकंदाला जवळजवळ एक अंश पळतं, म्हणून सेकंदाचा दोन हजारावा भाग किंवा कमी; हजाराव्या भागात न हलवलेल्या दुर्बिणीत सात पिक्सेल फासटतं. आणि तेज: गेन (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) जास्त ठेवला तर पांढरा गोळा येतो आणि मग लोक म्हणतात फुगा आहे. शोधक दुर्बीण मुख्य दुर्बिणीशी जुळवून ठेवा, हाताने पाठलाग करा, सलग व्हिडिओ घ्या. हजारो फ्रेमांतून पाच-दहा कामाच्या निघतात, त्यावर समाधान माना.

सूर्यासमोरून जाताना टिपणं सोपं, पण पट्टा जेमतेम चारएक किलोमीटर रुंद आणि खेळ अर्ध्या ते एका सेकंदाचा. सूर्याची फिल्म दुर्बिणीच्या तोंडावर लावायची, डोळ्याच्या बाजूला कधीच नाही.

गणितमास्तर

अंतरही काढता येतं. मुंबई आणि पुण्यातून एकाच सेकंदाला ताऱ्यांसकट फोटो घ्या. दोघांतलं सरळ अंतर १२० किलोमीटरच्या आसपास. स्थानक डोक्यावर असताना दोन फोटोंत ते ताऱ्यांच्या तुलनेत १५-१६ अंशांपर्यंत सरकलेलं दिसतं. घड्याळं जुळवा, एका सेकंदाच्या चुकीने साडेसात किलोमीटरचा फरक पडतो.

तरंगलांबी

माझं मत रेडिओला. ढग चालतात, आणि खोटं करणं सगळ्यात अवघड.

स्थानकावरचा हौशी रेडिओ १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलतो. अधूनमधून त्यावर चित्रंही पाठवतात, एका चित्राला दोन मिनिटं. डेटाची पाकिटं १४५.८२५ वर, आवाजाचा रिपीटर (ऐकलेलं पुन्हा प्रसारित करणारा) ४३७.८०० वर. ऐकायला संगणकाला लावायचा आरटीएल-एसडीआर डाँगल (छोटा रेडिओ-ग्राहक) आणि व्ही आकाराची अँटेना पुरते. तारेचे दोन तुकडे ४९ सेंटिमीटरचे, मध्ये १२० अंशांचा कोन, जमिनीला समांतर. एक केबलच्या गाभ्याला, दुसरा जाळीला. प्रसारण करायचं असेल तर परवाना लागतो, नुसत्या कानांनी भागवा.

आता मजा. स्थानक उगवताना आपल्याकडे येत असतं म्हणून वारंवारता सुमारे ३.५ किलोहर्ट्झ वर असते, मावळताना लांब जातं म्हणून तेवढीच खाली. पडद्यावर इंग्रजी एससारखी रेघ उमटते. एकूण फरक ७ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ७.२ किलोमीटरच्या आसपास वेग, तो रेघेतूनच निघाला, नासाकडून घेतला नाही. डोक्यावरच्या फेरीत मधोमध रेघ सेकंदाला ६० ते ६५ हर्ट्झ घसरते. वारंवारता गुणिले वेगाचा वर्ग, भागिले प्रकाशाचा वेग आणि हा दर सेकंदाचा उतार यांचा गुणाकार: उत्तर ४०० किलोमीटरच्या आसपास येतं. विमानातून प्रसारण केलं तर १४५.८ वर फरक जेमतेम १२० हर्ट्झ. फुग्यातून तर काहीच नाही. टेकडीवरच्या ट्रान्समीटरने वारंवारता मुद्दाम सरकवली तर एका गावात रेघ बरोबर येईल. नागपुरात आणि कोल्हापुरात एकाच फेरीच्या रेघा वेगवेगळ्या वेळी वळायला हव्यात, तिथे तो उघडा पडतो.

चूक होते ती डाँगलच्या स्वतःच्या घसरणीत. गरम होईपर्यंत त्याची वारंवारता सरकते. वीस मिनिटं आधी लावून ठेवा, मग मोजा. आणि १४५.८०० वर शांतता असेल तर घाबरू नका, ती रोज चालू नसते, १४५.८२५ ची पाकिटं धरा.

शंकासुर

डाँगल मागवतो. रेघ सरळ आली तर याच धाग्यावर टाकीन, मग पळू नका. तार तांब्याची लागते का ॲल्युमिनिअमची?

तरंगलांबी

कुठलीही. ४९ सेंटिमीटर मात्र सोल्डरच्या टोकापासून मोजा, केबलचा उघडा भागही त्यातच धरायचा. आणि लोखंडी रेलिंगपासून मीटरभर लांब ठेवा.